फुटते, पण सुटत नाही!

पुढे खडीचा डंपर, मागे आपण. ताडपत्री धड बांधलेली नाही हे दिसतंय, पण ओव्हरटेकला जागा नाही. तेवढ्यात टक्क! समोरच्या काचेवर कोळ्यानं जाळं विणावं तशी नक्षी. छातीत धस्स होतं, तोंडातून चार निवडक शब्द निघतात आणि खर्चाचा हिशेब सुरू होतो. या गडबडीत एक गोष्ट लक्षातच येत नाही. अंगावर काचेचा एक कणही पडलेला नसतो.

ही त्या न पडलेल्या कणांची गोष्ट. लॅमिनेटेड काच म्हणजे न फुटणारी काच, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं काही नाही. ती फुटते, चांगली खणखणीत फुटते. फक्त फुटल्यावर जागा सोडत नाही. तिचं सगळं मोठेपण या एका हट्टात आहे. या हट्टी काचेच्या काही गमतीजमती.

१. बाटली पडली, पण सांडली नाही

साल १९०३. फ्रान्समधला रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याच्या प्रयोगशाळेत काचेची एक बाटली उंचावरून खाली पडली. तिला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. बाटली आपला आकार धरून बसून राहिली. त्यानं चौकशी केली तेव्हा कळलं, की तिच्यात कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. ते आटलं आणि आतून पातळ, पारदर्शक पापुद्रा धरला. त्या पापुद्र्यानंच तुकड्यांना धरून ठेवलं होतं. पुढे मोटारींच्या अपघातात काचांमुळे माणसांचे चेहरे फाटल्याच्या बातम्या वाचताना त्याला ती बाटली आठवली, असं सांगतात. १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. काच, पापुद्रा, काच असे तीन थर, म्हणून नाव ठेवलं ‘ट्रिप्लेक्स’.

गंमत म्हणजे हा गृहस्थ चित्रकारही होता. आर्ट डेको शैलीच्या अभ्यासकांना तो बाटलीपेक्षा त्याच्या झगमगीत रंगांच्या नक्षीकामासाठी ठाऊक आहे.

२. पुरण दुधाळ, पोळी आरपार

आज दोन काचांच्या मध्ये जे ‘पुरण’ भरतात त्याचं नाव पॉलिव्हिनिल ब्युटिरल. कारखान्यात सगळे त्याला पीव्हीबी म्हणतात. रोलवर येतं तेव्हा ते मुळीच पारदर्शक नसतं. दुधाळ असतं आणि हाताला खरखरीत लागतं. हा खरखरीतपणा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे काचा दाबताना मधल्या हवेला त्या बारीक खळग्यांतून निसटायला वाट मिळते.

मग हा ऐवज ऑटोक्लेव्हमध्ये जातो. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर समजा. सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमान आणि नेहमीच्या हवेच्या १२ ते १४ पट दाब. कुकर उघडला की दुधाळपणा गायब आणि काच आरपार! काचवाल्याच्या दुकानात ‘६.३८’ असा विचित्र आकडा ऐकू आला तर दचकू नका. ३ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये ०.३८ मिलिमीटरचं पुरण, एवढाच त्याचा अर्थ.

३. दोघी एकदमच वाकतात

गाडीची समोरची काच सपाट नसते, तिला बाक असतो. आता दोन काचा वेगवेगळ्या वाकवून नंतर जोडायच्या म्हटलं तर केसाएवढा फरक राहिला तरी सगळं बिघडेल. म्हणून दोन्ही काचा एकीवर एक ठेवून, एकत्रच तापवून वाकवतात. एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक पूड भुरभुरतात. पोळपाटाला पीठ लावावं तशी!

४. पहिली मोठी नोकरी लढाईवर

मोटारीसाठी सुचलेली ही काच आधी नावारूपाला आली ती युद्धात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावासाठी सैनिक जे मुखवटे घालत, त्यांच्या डोळ्यांसमोरच्या भिंगांसाठी ती वापरली गेली. तिथे काचेचा तुकडा उडाला तर थेट डोळ्यात, आणि भोक पडलं तर वायू आत. त्यामुळे फुटूनही जागेवर राहणारी काच तिथे लाखमोलाची ठरली.

मोटारींच्या मालकांना ती बराच काळ महाग वाटत होती. मग १९२७ च्या अखेरीस फोर्डची ‘मॉडेल ए’ आली. सामान्य माणसाला परवडणाऱ्या या गाडीत समोर सुरक्षा काच होती, तीही जादा पैसे न घेता. तोवर चैनीत मोडणारी वस्तू हळूहळू गरजेत मोडू लागली.

५. कावीळ झालेली काच

सुरुवातीच्या या काचांना एक रोग होता. काही वर्षं उन्हात उभ्या राहिल्या की त्या पिवळ्या पडत. दोष काचेचा नव्हता, मधल्या सेल्युलोज नायट्रेटचा होता. हे रसायन म्हणजे सिनेमाच्या जुन्या, भडकन पेटणाऱ्या रिळांचं सख्खं भावंड. १९३० च्या दशकात त्याच्या जागी सेल्युलोज ॲसिटेट आलं आणि त्या दशकाच्या अखेरीस पीव्हीबी. ते पिवळं पडत नव्हतं, थंडीतही बऱ्यापैकी लवचीक राहत होतं आणि काचेला घट्ट धरत होतं. तेव्हापासून आजतागायत गाडीच्या काचेत मुख्य पुरण तेच.

६. फार घट्ट धरणंही बरं नव्हे

हा सगळ्यात बोधप्रद किस्सा. पीव्हीबी आल्यावरही अपघातात एक भयंकर प्रकार होत असे. प्रवाशाचं डोकं काचेवर आदळून आरपार जाई आणि काचेच्या धारदार कडा गळ्याभोवती हारासारख्या अडकत. पापुद्रा पातळ होता आणि काचेला इतका करकचून चिकटलेला, की ताणायला वावच नव्हता. तो तटकन फाटे.

इंजिनिअरांनी दोन बदल केले. थराची जाडी ०.३८ वरून ०.७६ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट केली आणि चिकटपणा बेतानं कमी केला. आता काच फुटली की पापुद्रा तिच्यापासून किंचित सुटून फुग्यासारखा फुगतो आणि डोक्याला झेलतो. अमेरिकेत १९६६ च्या मॉडेलच्या गाड्यांपासून ही काच सर्रास बसू लागली. तीत डोकं आरपार जाण्याचे प्रकार झपाट्यानं कमी झाले.

७. खडीसाखर की कोळ्याचं जाळं?

सुरक्षा काचेच्या दोन बहिणी आहेत आणि लोक त्यांच्यात नेहमी गल्लत करतात. एक लॅमिनेटेड, दुसरी टफन. टफन काच ६०० अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम गार हवेचा झोत सोडतात. बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागून. त्या ओढाताणीमुळे काच साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत होते. मात्र फुटली की एका क्षणात तिची खडीसाखर होते. छोटे, बोथट तुकडे पडतात. जखम कमी होते, पण काच उरतच नाही.

गाडीच्या बाजूच्या काचा बहुधा टफन असतात. समोरची लॅमिनेटेड असते. कारण उघड आहे. ताशी ८० किलोमीटरवर दगड लागून समोरची सगळी काच पांढरीफटक झाली किंवा मांडीवर आली, तर चालवणारा बघणार कुठून? लॅमिनेटेड काचेत जाळं पडलं तरी रस्ता दिसत राहतो.

आणखी एक फरक कारागिरांना विचारा. साधी लॅमिनेटेड काच तयार झाल्यावरही दोन्हीकडून रेघ मारून कापता येते. टफन काच एकदा झाली की झाली! नंतर तिला हिरकणी लावली, की पुन्हा खडीसाखर.

८. नियम १०० काय म्हणतो?

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १०० क्रमांकाचा नियम काचेचा आहे. समोरची काच लॅमिनेटेड हवी, असं त्यानं सांगितलं आणि कारखान्यांना तयारीसाठी ३ वर्षं दिली. काचेतून किती उजेड आत यावा तेही ठरलं. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. याच नियमाच्या आधारे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांवरच्या काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला फिल्म खरवडत बसलेले गाडीमालक अनेकांना आठवत असतील.

९. काठावरच्या काळ्या ठिपक्यांचं गुपित

समोरच्या काचेच्या कडेला काळा पट्टा असतो आणि आत येता येता त्याचे बारीक होत जाणारे ठिपके. पुष्कळांना ती शोभा वाटते. प्रत्यक्षात तो काचेवर भाजलेला एनॅमलचा थर आहे. काच गाडीच्या सांगाड्याला जोडणारा गोंद उन्हानं खराब होऊ नये, म्हणून ती त्याच्यावर धरलेली छत्री. आणि ठिपके? काळा पट्टा भट्टीत जास्त तापतो, स्वच्छ काच कमी. दोन्हींच्या सीमेवर काच वेडीवाकडी होऊन पलीकडचं दृश्य लहरू नये, म्हणून तो काळेपणा ठिपक्याठिपक्यानं विरळ केलेला असतो.

१०. एअरबॅगची पाठराखीण

बऱ्याच गाड्यांत चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डमधून वरच्या दिशेनं उघडते, समोरच्या काचेवर आपटते आणि तिचा आधार घेऊन प्रवाशाकडे वळते. म्हणजे काच जागेवर नसेल तर एअरबॅग बाहेरच्या बाहेर निघून जाईल. गाडी उलटली तर छत दबू न देण्यातही काचेचा हातभार लागतो. म्हणून नवी काच बसवल्यावर ‘गोंद सुकेपर्यंत गाडी काढू नका’ असं मेकॅनिक सांगतो तेव्हा घाई करू नये. तो कामचुकारपणा करत नसतो.

११. पाचर मारली आणि भूत गेलं

आजकाल काही गाड्यांत वेगाचा आकडा समोरच्या काचेवर तरंगताना दिसतो. ही युक्ती लढाऊ विमानांतून आली. अडचण अशी, की काचेला दोन पृष्ठभाग, म्हणून प्रतिबिंबंही दोन. एका आकड्याच्या मागे त्याचं फिकट भूत. उपाय मधल्या पुरणातच सापडला. थर वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ, म्हणजे पाचरीसारखा केला. डोळ्याला कळणारही नाही इतका फरक, पण त्यानं दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात आणि भूत उतरतं.

१२. तोफेच्या तोंडी कोंबडी

विमानाच्या कॉकपिटची काच म्हणजे या घराण्यातली पैलवान. अनेक थरांची, जाडजूड. मोठ्या प्रवासी विमानाच्या काचेला एक परीक्षा द्यावी लागते. विमान नेहमीच्या वेगात असताना १.८ किलो वजनाचा पक्षी आदळला, तरी तो आरपार जाता कामा नये. ही परीक्षा कशी घेतात? दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या तोफेतून मेलेली कोंबडी काचेवर डागून! इंजिनिअरांच्या बोलीत त्या यंत्राला ‘चिकन गन’ असंच नाव आहे.

या काचा विजेवर तापवतात, तेही फक्त बर्फ जमू नये म्हणून नव्हे. थंडीनं मधला थर कडक झाला तर तो पक्ष्याला झेलू शकत नाही. ऊब मिळाली की लवचीक राहतो.

१३. काच ठीक, स्क्रू चुकीचे

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान १७ हजार फुटांच्या वर असताना कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकानं साउथॅम्प्टनला विमान उतरवलं. कॅप्टन वाचले. काही महिन्यांत पुन्हा कामावरही रुजू झाले.

चौकशीत निघालं ते असं. काच आदल्या दिवशीच बदलली होती. ती बसवायला लागतात ९० स्क्रू. त्यांपैकी ८४ किंचित कमी व्यासाचे होते आणि उरलेले आखूड. काच कितीही भक्कम असली तरी तिची ताकद शेवटी चौकटीएवढीच.

१४. ट्रकवाल्याचा अर्धा म्हातारा चेहरा

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला. त्यानं २८ वर्षं ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, डावी मात्र २० वर्षांनी मोठी वाटावी इतकी सुरकुतलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो आणि ऊन बाजूच्या खिडकीतून येतं. साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी अडवते, पण यूव्ही-ए बरेचसे आत सोडते. त्वचेला म्हातारपण आणतात ते हेच.

लॅमिनेटेड काचेतलं पीव्हीबी मात्र अतिनील किरण जवळजवळ पूर्ण, ९९ टक्क्यांपर्यंत, अडवतं. म्हणून समोरून येणारं ऊन त्वचेला त्यामानानं कमी त्रास देतं. आपल्याकडे चालक उजवीकडे. रोज गाडी चालवणाऱ्या एखाद्याचे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा, उजवा जास्त रापलेला दिसण्याची शक्यता मोठी. सोफ्याचं कापड, पुस्तकांच्या पाठी आणि भिंतीवरची चित्रं उन्हानं विटू नयेत, म्हणून घराच्या खिडकीलाही ही काच लावतात ती याच गुणामुळे.

१५. घंटेला हात लावा

देवळातली घंटा वाजवा आणि लगेच तिला तळहात लावा. नाद जागच्या जागी विरतो. पीव्हीबीचं काम तसंच आहे. आवाजानं काच थरथरते. दोन काचांच्या मधला मऊ थर ती थरथर शोषून घेतो. गायनाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत, विमानतळाजवळच्या हॉटेलात, हमरस्त्यालगतच्या घरात ही काच त्यासाठीच बसवतात.

सिडनीच्या ऑपेरा हाउसचे शिंपले सगळ्यांना माहीत आहेत. त्या शिंपल्यांची तोंडं बंद करणाऱ्या काचेच्या भिंती लॅमिनेटेड आहेत. एक थर साधा, दुसरा पुष्कराजासारखा पिवळसर. सुमारे ६,२२५ चौरस मीटर काच, २,००० हून जास्त तावदानं आणि त्यांचे ७०० वेगवेगळे आकार. काच आली फ्रान्सहून, म्हणजे बेनेदिक्तुसच्या माहेरूनच.

१६. खिडकीवर लाकडाचा मारा

१९९२ मध्ये ‘अँड्र्यू’ चक्रीवादळानं अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडाची दाणादाण उडवली. त्यातून शिकलेला धडा असा, की खिडकी फुटली की वारा घरात शिरतो आणि आतून छताला वर ढकलतो. घर वाचवायचं तर आधी खिडकी वाचली पाहिजे. म्हणून मायामी परिसरात नवे नियम आले. खिडकीच्या परीक्षेत सुमारे ४ किलो वजनाची लाकडी फळी ताशी ५५ किलोमीटर वेगानं तिच्यावर मारतात. काच फुटली तरी चालेल, भोक पडता कामा नये. मग त्याच जखमी खिडकीला ९,००० वेळा वाऱ्याच्या दाबाचे धक्के द्यायचे. एवढं सोसून चौकटीत टिकली तर पास!

या वादळी खिडक्यांसाठी पीव्हीबीहून खूप ताठ असा एक नवा थर तयार झाला. पुढे तोच माणसांच्या पायांखाली आला. त्याची गोष्ट शेवटी.

१७. मोनालिसा हसतेच आहे

१९५६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एकानं मोनालिसाला दगड मारला. चित्रापुढे काच होती, पण ती फुटली आणि डाव्या कोपराजवळचा रंगाचा कण उडाला. त्यानंतर बाई बुलेटप्रूफ काचेमागे गेल्या. २००९ मध्ये कप भिरकावला गेला, २०२२ मध्ये केक फासला गेला, २०२४ मध्ये सूप उडवलं गेलं. दर वेळी काच पुसली की काम झालं.

१८. ‘बुलेटप्रूफ’ असं काही नसतं

जाणकार ‘गोळीरोधक’ म्हणतात, ‘गोळीला अभेद्य’ म्हणत नाहीत. पिस्तुलाची गोळी अडवणारी काच रायफलीपुढे हात टेकू शकते. प्रत्येक काच ठरावीक हत्यारापुरती. तिची रचना साधी आहे. बाहेर काचेचे कडक थर आणि आतल्या बाजूला पॉलिकार्बोनेट. काच स्वतः फुटून गोळीचं टोक बोथट करते, पॉलिकार्बोनेट उरलेला मार झेलतो आणि काचेचा चुरा आतल्या माणसावर उडू देत नाही.

१३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर उघड्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर पोपच्या गाडीला ही काच आली. पोप फ्रान्सिस यांना मात्र ती सार्डिन माशांच्या डब्यासारखी वाटे, म्हणून ते उघड्या गाडीतूनच लोकांत जात.

१९. मस्कची फजिती, काचेची नव्हे

नोव्हेंबर २०१९, इलॉन मस्कच्या टेस्ला कंपनीच्या सायबरट्रक या गाडीचं अनावरण. काच किती भक्कम आहे हे दाखवायला मुख्य डिझायनर फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी पोलादी गोळा फेकला. काचेचं जाळं झालं! मागच्या खिडकीवर पुन्हा फेकला. तिचंही जाळं. जगभर हशा पिकला. पण जरा नीट पाहा, गोळा एकदाही आत शिरला नाही. थर जोडून केलेल्या काचेनं जे करायचं असतं तेच तिनं केलं. हसं झालं ते ‘फुटणारच नाही’ या थाटाचं.

२०. हातोडी रुसते तेव्हा

गाडी पाण्यात पडली तर सीटची हेडरेस्ट काढा आणि तिच्या दांड्यांनी काच फोडा, हा व्हॉट्सॲप विद्यापीठाचा आवडता धडा. एक तर हेडरेस्ट त्यासाठी बनवलेली नाही. दुसरं, खिडकी लॅमिनेटेड असेल तर धडा साफ खोटा ठरतो. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये काच फोडायची ६ साधनं तपासली. टफन काच ४ साधनांनी फोडली. लॅमिनेटेड काच एकाही साधनानं फोडता आली नाही.

आवाज कमी व्हावा, चोराला हात घालता येऊ नये, अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये, म्हणून महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येऊ लागल्या आहेत. हे तिन्ही फायदे खरे. पण बाहेर पडायची वेळ आली तर कोणती काच फुटेल, हे आधीच माहीत असायला हवं.

२१. पायाखालची काच

आता त्या ताठ थराची गोष्ट. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून बाहेर झेपावणारा काचेचा स्कायवॉक २००७ मध्ये खुला झाला. त्याच्या काचांत हाच वादळी खिडक्यांचा थर आहे. शिकागोत १०३ व्या मजल्यावर, ४१२ मीटर उंचीवर, इमारतीबाहेर काढलेल्या काचेच्या पेट्या आहेत. २०१४ मध्ये एक कुटुंब त्यांतल्या एकीत बसलं असताना पायाखाली तडे गेले. त्यांची काय अवस्था झाली असेल! पण तडे होते काचेवरच्या संरक्षक मुलाम्याला. खालचे तीन थर शाबूत होते.

चीनमधल्या झांगजियाजिए इथे २०१६ मध्ये ४३० मीटर लांब आणि सुमारे ३०० मीटर उंच पूल झाला. लोकांची भीती जावी म्हणून त्याआधी माणसं बोलावून काचेवर घण घालायला लावले आणि तडे गेलेल्या काचेवरून माणसांनी भरलेली गाडी नेली. भीती इतकी गेली, की रोज ८ हजारांची सोय असताना ८० हजार लोक लोटले आणि १३ दिवसांत पूल काही काळ बंद करावा लागला.

आपल्याकडे कन्याकुमारीला विवेकानंद शिला स्मारक आणि तिरुवल्लुवर पुतळा यांना जोडणारा ७७ मीटर लांबीचा काचेचा पूल डिसेंबर २०२४ मध्ये झाला. कोकणात वैभववाडी तालुक्यातल्या नापणे धबधब्यावर २०२५ पासून काचेच्या पुलावर उभं राहून खालचं पाणी पाहता येतं. पाय लटपटलेच तर एवढं आठवा. अशा पुलाची काच एकावर एक थर जोडून केलेली असते, आणि एक थर तडकला तरी बाकीचे भार पेलतील असाच हिशेब केलेला असतो.

२२. गच्चीवरचं भावंड

घराच्या गच्चीवरचं सोलर पॅनेल याच कुळातलं. सिलिकॉनच्या पातळ, ठिसूळ चकत्या पारदर्शक प्लास्टिकच्या थरांत बंद करून वर काच चिकटवलेली. दोन काचांच्या मध्ये रेशमी कापड, पिंपळाचं जाळीदार पान किंवा बटण दाबताच धूसर होणारी फिल्म घालूनही दारं आणि पडदे करतात. आणि मोडीत गेलेल्या काचेतलं पीव्हीबी वाया जात नाही. ते वेगळं काढून गालिच्यांच्या मागच्या थरासाठी वापरतात. गाडीत डोकं झेललं, म्हातारपणी पाय झेलतं!

आता तुमचं काम, फक्त पाच मिनिटांचं

गाडीजवळ जा आणि प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. भारतीय मानकाचा क्रमांक, आयएस २५५३, दिसेल. काच लॅमिनेटेड की टफन हेही बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. बाजूच्या कोणत्या खिडक्या टफन आहेत ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. संकटात हातोडी तिथेच चालवायची.

घरात बाल्कनीचा काचेचा कठडा किंवा डोक्यावर काचेचं छत करणार असाल, तर काचवाल्याला ‘टफन आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘लॅमिनेटेड आहे का?’ हेही विचारा. वरून खडीसाखर पडलेली कुणालाच नको असते आणि कठड्याच्या जागी नुसती हवाही नको.

समोरच्या काचेवर टवका उडाला असेल तर तो नाण्याएवढा असतानाच भरून घ्या. बारीक टवका रेझिन भरून थांबवता येतो. खड्डे, ऊन आणि एसीचा गारवा यांनी त्याची लांब भेग झाली, की काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही.